यात काय आहे, हे आधी सांगा

जुना फ्रिज भंगारात गेला की त्याचं पुढे काय होतं, हे मी एकदा उभं राहून पाहिलं आहे. माणूस सराईत होता. त्याने दार उचकटून बाजूला टाकलं, फ्रिज पालथा घातला, मागची जाळी ओढून काढली आणि कॉम्प्रेसरला जोडलेली तांब्याची नळी पकडीत धरून कापली. फुस्स असा आवाज आला. दोन-तीन सेकंद, बस. तांबं एका पोत्यात गेलं, कॉम्प्रेसर दुसऱ्या ढिगात, पत्रा तिसऱ्यात. आतला पिवळसर फोम कुणाच्याच कामाचा नव्हता. तो उपटून कोपऱ्यात लोटून ठेवला होता; ढीग साठला की पेटवून द्यायचा.

त्या दोन-तीन सेकंदांचा हिशेब मी नंतर मांडला. घरगुती फ्रिजमध्ये थंडावा आणणारा वायू फार नसतो, शंभर-दीडशे ग्रॅमच्या आसपास. पण तो आर-१३४ए असेल, तर शंभर वर्षांच्या मापाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,४०० पट उष्णता धरून ठेवतो. म्हणजे १०० ग्रॅम सुटला की १४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. फ्रिज आणखी जुना असला तर आत सीएफसी-१२ असतो. त्याची ताकद दहा हजार पटींहून जास्त, शिवाय ओझोनचा थर विरळ करतो ते वेगळंच. जुन्या फोमच्या बारीक छिद्रांतही असाच वायू कोंडलेला असतो. आणि तो फोम पेटवला की निघणारा धूर सगळ्यांत आधी त्याच माणसाच्या छातीत जातो.

आता हे काम सरकारात कुणाचं? फ्रिज हा कचरा, म्हणून ते काम नगरपालिकेचं. वायू हे रसायन, ते दुसऱ्या खात्याकडे. तापमानवाढ तिसऱ्याकडे. कामगाराच्या छातीतला धूर चौथ्याकडे. वायू ओढून सिलिंडरमध्ये भरणारं यंत्र बाजारात मिळतं, ते चालवायला फार शिकावंही लागत नाही. पण ते त्या माणसाच्या हातात देणं कुठल्याच खात्याच्या यादीत नव्हतं.

कचरा, रसायनं आणि हवामान या तिघांत सरकारने पहिला क्रमांक कशाला द्यावा, हा प्रश्न निघाला की उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: हवामान. मग कचरा, कारण तो दारात पडलेला दिसतो. रसायनं शेवटी. मला हा क्रम चुकीचा वाटतो. रसायनांची सुरक्षितता पहिली यायला हवी, आणि तीही हवामानाच्या काळजीपोटीच. वस्तूच्या पोटात काय भरलं आहे हे ठाऊक नसेल, तर तिचा कचरा नीट हाताळता येत नाही. कचरा नीट हाताळला नाही, तर हवामानासाठी केलेली निम्मी मेहनत गळून जाते. तिन्ही कामं एकाच साखळीतली आहेत आणि साखळीची पहिली कडी रसायन ही आहे.

या कडीकडे जगाने किती दुर्लक्ष केलं, याचा पुरावा दोन तारखांत मिळतो. हवामानबदलाचा शास्त्रीय अभ्यास सरकारांपुढे मांडणारं आंतरसरकारी मंडळ, म्हणजे आयपीसीसी, १९८८ मध्ये स्थापन झालं. रसायनं, कचरा आणि प्रदूषण यांसाठी तसंच मंडळ स्थापन करायला जगाला जून २०२५ उजाडावं लागलं. उरुग्वेतल्या पुंता देल एस्ते इथे त्याचा निर्णय झाला. मध्ये ३७ वर्षं गेली. दरम्यान रसायन उद्योग थांबलेला नव्हता. जगभरच्या नोंदवह्या एकत्र करून २०२० मध्ये काढलेल्या मोजणीत उत्पादन आणि वापरासाठी नोंदलेली रसायनं आणि त्यांची मिश्रणं साडेतीन लाखांवर भरली.

दुर्लक्षाचं कारण मला समजतं. तापमान अंशांत मोजता येतं, त्याचा आलेख वर चढताना दिसतो. कचऱ्याचा वास येतो, लोक मोर्चा काढतात. रसायनांचं तसं नाही. अंगणातल्या मातीत मिसळलेल्या शिशाला वास नाही, चव नाही, रंग नाही. त्याने मुलाची बुद्धी थोडी मंदावते, आणि ती कशाने मंदावली हे त्या घराला कधीच कळत नाही.

शिशाचीच गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण पुढच्या सगळ्या चुकांचा साचा तिच्यात आहे. इंजिनातली ठोकर थांबवण्यासाठी पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड घालायची युक्ती १९२१ मध्ये थॉमस मिजली या अमेरिकी अभियंत्याला सापडली. शिसं विषारी आहे हे तेव्हा नव्याने कळायचं नव्हतं. रोमन काळापासून माहीत होतं. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या एका शुद्धीकरण कारखान्यात या द्रव्यावर काम करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. मे १९२५ मध्ये अमेरिकी सरकारने परिषद बोलावली. हार्वर्ड विद्यापीठातल्या पहिल्या महिला अध्यापक डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी तिथे स्पष्ट विरोध केला. विक्री तात्पुरती थांबली, समिती नेमली गेली. समितीने काही महिने पाहणी केली आणि १९२६ मध्ये सांगितलं की बंदी घालण्याइतकं कारण दिसत नाही, मात्र पुढे अभ्यास होत राहावा. पुढचा अभ्यास कित्येक दशकं शिसं विकणाऱ्या उद्योगाच्याच पैशावर झाला.

मोटारीसाठी शिसं घातलेलं पेट्रोल विकणारा शेवटचा देश होता अल्जीरिया. तिथे ते जुलै २०२१ मध्ये बंद झालं. शोधापासून शंभर वर्षं.

'अपाय होतो हे सिद्ध करून दाखवा, मग थांबवू' या एका वाक्यावर ती शंभर वर्षं निघाली. सिद्ध करायची जबाबदारी ज्यांच्यावर आली त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हत्या, पैसा नव्हता, आणि अपाय व्हायला वेळ लागत होता. ज्यांच्याकडे सगळं होतं त्यांना काहीच सिद्ध करायचं नव्हतं. याच मिजलींनी नंतर फ्रिजसाठी सीएफसी वायू शोधला. माणूस दुष्ट नव्हता. सीएफसी पेट घेत नाही, श्वासातून विषबाधा करत नाही, म्हणून आधीच्या वायूंपेक्षा तो सुरक्षितच मानला गेला. तो आकाशात पोहोचल्यावर काय करेल हे विचारणं कुणालाच बंधनकारक नव्हतं. शेरवुड रोलंड आणि मारिओ मोलिना यांनी १९७४ मध्ये ते विचारलं, आणि १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र जगासमोर आलं.

म्हणून माझी सरकारकडे पहिली मागणी कायद्यातल्या या एका वाक्याबद्दल आहे. ते उलटं करा. जो बनवतो, तो आधी सांगेल की यात काय आहे आणि त्याने काय होतं. सांगता येत नसेल तर बाजारात आणायचं नाही. युरोपीय संघाचा रीच कायदा जून २००७ पासून याच तत्त्वावर चालतो: माहिती नाही तर बाजार नाही. त्यात पळवाटा आहेत, कंपन्यांनी दिलेली माहिती अनेकदा अपुरी निघते, तपासणी संथ आहे. तरी दिशा बरोबर आहे. डोकेदुखीची साधी गोळी विकायला आपण आधी चाचण्या मागतो आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. बाळ जे खेळणं तोंडात घालतं, त्याच्या प्लॅस्टिकला मात्र ती अट नको, हे मला कुणी आजवर समजावून सांगू शकलेलं नाही.

प्लॅस्टिकबद्दल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने मोठी यादी तयार केली. प्लॅस्टिकमध्ये वापरली जाणारी किंवा आढळणारी १६,००० हून अधिक रसायनं त्यांना मिळाली. त्यांपैकी ४,२०० हून अधिक घातक म्हणून चिंतेची ठरली. पण मला जास्त अस्वस्थ करणारा आकडा तिसराच आहे: १०,००० हून अधिक रसायनांच्या धोक्याबद्दल काही माहितीच उपलब्ध नव्हती.

आणि बंदी घालायचीच, तर एकेका रसायनावर घालत बसू नये. एकावर बंदी आली की त्याचा सख्खा भाऊ बाजारात येतो. बाटल्यांमधल्या बिस्फेनॉल-एवर लोक चिडले तेव्हा अनेक ठिकाणी बिस्फेनॉल-एस आलं. ते अंगात जाऊन जवळपास तशाच खोड्या करतं. पीएफएएस म्हणजे फ्लोरिनयुक्त रसायनांचा एक वर्ग. त्यात हजारो रसायनं आहेत, निसर्गात ती जवळजवळ विघटित होतच नाहीत. त्यांतलं एक २००९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे चिवट विषारी रसायनांना आवर घालणाऱ्या जागतिक कराराच्या, यादीत आलं, दुसरं २०१९ मध्ये, तिसरं २०२२ मध्ये. या गतीने हजारांचा हिशेब किती पिढ्यांत होईल? जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे या पाच देशांनी २०२३ च्या सुरुवातीला सबंध कुटुंबावर एकत्र निर्बंध घालायचा प्रस्ताव मांडला. इन्हेलरमधल्या वायूसारख्या खरोखर अडलेल्या वापरांना मुदत द्यावी, पण नियम कुळाला लागू व्हावा. सरकारांनी हेच करायला हवं.

आता कचऱ्याकडे येतो. पुनर्वापराची टक्केवारी हे कचरा खात्याचं लाडकं माप आहे. जगातल्या प्लॅस्टिक कचऱ्यापैकी फक्त ९ टक्क्यांच्या आसपास पुन्हा वापरात येतं, हे ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेने दाखवलेलं वास्तव आहे आणि ते वाढायला हवं हे कुणीही म्हणेल. पण काय परत येतं आहे हे कोण पाहतं? टीव्ही, संगणक यांच्या काळ्या आवरणात आग लागू नये म्हणून ब्रोमीनयुक्त रसायनं घातलेली असतात. तीच आवरणं दळून, वितळवून नव्या वस्तू होतात, आणि खेळण्यांत, स्वयंपाकघरातल्या उलथन्यात ती रसायनं सापडल्याचं वेगवेगळ्या अभ्यासांत दिसलं आहे. उलथन्याला आग लागू नये म्हणून ती घातलेली नव्हती. ती फक्त सोबत आली, कारण वाटेत कुणी विचारलंच नाही.

अमेरिकेच्या मेन राज्यातल्या शेतकऱ्यांची कहाणी यापेक्षा कडू आहे. सांडपाणी शुद्ध केल्यावर उरणारा गाळ शेतात खत म्हणून टाकायचा, ही कल्पना कागदावर निर्दोष होती. कचरा कमी, खताचा खर्च कमी, जमिनीला सेंद्रिय द्रव्य. कित्येक वर्षं परवानगीने, सल्ल्याने, शिफारशीने तो गाळ पसरला गेला. मग गाईंच्या दुधात, विहिरींच्या पाण्यात पीएफएएस सापडलं. कारखान्यांचं आणि घरांचं सांडपाणी एकाच नळातून येत होतं, आणि शुद्धीकरण केंद्र ती रसायनं मोडू शकत नव्हतं. ती गाळात साठत गेली. आयुष्यभर जपलेली जमीन काही कुटुंबांना सोडावी लागली. मेनने २०२२ मध्ये कायदा करून असा गाळ जमिनीवर टाकायला बंदी घातली, अमेरिकेत सगळ्यांत आधी. त्या शेतकऱ्यांनी सरकारने सांगितलं तेच केलं होतं, हे मला विसरता येत नाही.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, मग जाळून टाका. कचऱ्यापासून वीज बनवणारी भट्टी सरकारांना फार आवडते. एकदाच मोठा खर्च, उद्घाटन, डोळ्यांसमोरून ढीग नाहीसा. माझा तिला सरसकट विरोध नाही. दवाखान्याच्या कचऱ्याला, काही विषारी द्रव्यांना उच्च तापमानाची नीट चालवलेली भट्टी लागतेच. पण शहराच्या सगळ्या कचऱ्यावर ती उपाय म्हणून बसवली की दोन गोष्टी होतात. एक, भट्टीला रोज ठरावीक कचरा हवाच असतो, वीस-तीस वर्षं. कचरा कमी करणं मग तोट्याचं ठरतं. डेन्मार्कने इतक्या भट्ट्या बांधल्या की त्या भरायला परदेशातून कचरा आणावा लागला. शेवटी २०२० मध्ये तिथल्या सरकारने जाळण्याची क्षमता ३० टक्क्यांनी घटवायचं ठरवलं, कारण त्यातलं प्लॅस्टिक जाळून निघणारा कार्बन हवामानाच्या उद्दिष्टात बसेना.

दुसरी गोष्ट म्हणजे राख. कचरा जळतो, त्यातले जड धातू जळत नाहीत. १९८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या भट्टीची सुमारे १४,००० टन राख घेऊन खियान सी नावाचं जहाज निघालं. ज्या ज्या देशाला कळलं त्याने ते परतवलं. हैतीतल्या गोनाईव्हजच्या किनाऱ्यावर खत आहे असं सांगून त्यातली ४,००० टनांच्या आसपास राख उतरवली गेली. उरलेली जहाजाने नावं बदलत बदलत समुद्रात टाकली. हैतीत पडलेली राख वर्षानुवर्षं उघड्यावर राहिली आणि २००२ मध्ये शेवटी पेनसिल्व्हेनियातच, म्हणजे जिथून निघाली त्याच राज्यात, पुरली गेली. अशा प्रकारांमुळेच घातक कचऱ्याच्या सीमापार वाहतुकीवरचा बासेल करार १९८९ मध्ये झाला.

ओल्या कचऱ्याच्या बाबतीत मात्र मला काही शंका नाही. इथे थांबायला कारणच नाही. कचराभूमीत दाबला गेलेला ओला कचरा हवेविना कुजतो आणि मिथेन सोडतो. वीस वर्षांच्या मापाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट तापवतो, पण हवेत टिकतो साधारण बारा वर्षंच. म्हणजे आज तो कमी केला तर फळ आपल्याच हयातीत दिसेल. माणसामुळे निघणाऱ्या मिथेनपैकी पाचवा हिस्सा कचरा आणि सांडपाण्यातून येतो. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत शंभरहून अधिक देशांनी २०३० पर्यंत मिथेन ३० टक्क्यांनी घटवायचं वचन दिलं. दक्षिण कोरियाने त्याच्या कितीतरी आधी, २००५ मध्ये, अन्नाचा कचरा थेट कचराभूमीत टाकायला बंदी केली आणि पुढे वजनावर पैसे आकारायला सुरुवात केली. तिथे आज अन्नाच्या ९५ टक्क्यांहून अधिक कचऱ्यापासून खत, पशुखाद्य किंवा वायू तयार होतो. इंडोनेशियात त्याच २००५ मध्ये, २१ फेब्रुवारीला, बांडुंगजवळच्या लेउविगाजाह कचराभूमीचा डोंगर पावसात कोसळला. आत साठलेला मिथेन आणि धुमसती आग त्याला कारणीभूत होती. १४० हून अधिक माणसं गेली.

तेव्हा ओला कचरा वेगळा करणं हे हवामानाचं, आरोग्याचं आणि कचऱ्याचं असं तिहेरी काम आहे, आणि त्यासाठी कुठलंही नवं तंत्रज्ञान शोधायचं नाही. पण इथेही रसायन आडवं येतंच. त्या खतात प्लॅस्टिकचे कण, रंग, बॅटरीचा अंश शिरला तर शेतकरी ते घेणार नाही, आणि मेनचा अनुभव पाहता त्याने घेऊही नये. खत तपासणारी प्रयोगशाळा नसेल तर खताचा कारखाना बांधू नका, असं मी म्हणेन.

प्रयोगशाळा आणि तपासनीस. अंदाजपत्रकात सगळ्यांत आधी कात्री लागते ती यांनाच, कारण यांचं उद्घाटन होत नाही. आणि नेमकं यांच्यावाचून सगळे कायदे पोकळ राहतात. ओझोन वाचवणारा माँट्रिअल करार १६ सप्टेंबर १९८७ रोजी झाला. २०१० पर्यंत सीएफसीचं उत्पादन जगभर थांबायचं होतं, कागदोपत्री थांबलंही. पण २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की हवेतला सीएफसी-११ अपेक्षेइतका घटत नाही. २०१२ नंतर कुणीतरी तो पुन्हा सोडू लागलं आहे. कोरिया आणि जपानमधल्या बेटांवरच्या मापन केंद्रांच्या नोंदींवरून माग काढत काढत २०१९ मध्ये पूर्व चीनमधल्या शान्दोंग आणि हपेई प्रांतांकडे बोट गेलं. कारवाई झाली, प्रमाण पुन्हा उतरलं. बेटावर बसून वर्षानुवर्षं हवेचे नमुने मोजणारी मूठभर माणसं नसती, तर ही चोरी कधीच उघडकीला आली नसती.

लेबनॉनची राजधानी बैरूतमध्ये उलट झालं. तिथे माहिती होती. २,७५० टन अमोनियम नायट्रेट हे स्फोट होऊ शकणारं रसायन बंदराच्या गोदामात २०१४ पासून पडून आहे, हे अधिकाऱ्यांनी पत्रांमागून पत्रं लिहून कळवलं होतं. उचलायची सक्ती कुणावर नव्हती. ४ ऑगस्ट २०२० रोजी संध्याकाळी ते फुटलं आणि दोनशेहून अधिक माणसं मेली. भोपाळमध्ये १९८४ च्या डिसेंबरात वायू सुटला. त्या आवारात उरलेला ३३७ टन विषारी कचरा तिथून हलला जानेवारी २०२५ मध्ये, चाळीस वर्षांनी. रसायन वेळेवर उचललं नाही की ते कचरा होतं, आणि तो कचरा पिढ्यान् पिढ्या जागचा हलत नाही.

आता तर हवामानच अशा गोदामांवर चालून येऊ लागलं आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वी वादळाचा पूर टेक्सासमधल्या क्रॉस्बीच्या एका रसायन कारखान्यात शिरला. तिथली सेंद्रिय पेरॉक्साइडं थंड ठेवावी लागतात. वीज गेली, पर्यायी जनित्रं पाण्यात गेली, साठा तापला आणि पेटला. आजूबाजूच्या दीड मैलाच्या परिघातल्या लोकांना घरं सोडावी लागली. पूररेषेच्या आत कुठली रसायनं किती साठवली आहेत, याचा नकाशा किती सरकारांकडे आहे? हवामानाशी जुळवून घेण्याच्या योजनांत बंधारे असतात, झाडं असतात, निवारे असतात. ही यादी त्यांच्या पहिल्या पानावर असायला हवी.

माझ्या म्हणण्यावरचा सगळ्यांत वजनदार आक्षेप हवामानाच्या बाजूनेच येतो. वेळ थोडा आहे, सौर ऊर्जा, बॅटऱ्या, विजेची वाहनं झपाट्याने यायला हवीत. त्यांच्यावर रसायनांच्या चौकशीचं ओझं टाकून त्यांना अडवू नका. ही घाई खरी आहे आणि मलाही ती आहे. पण आजवरचा हवामानाचा सगळ्यांत यशस्वी करार कुठला, हे पाहा. तो माँट्रिअलचा, आणि तो मुळात रसायनांचा करार आहे. त्यात २०१६ मध्ये किगालीत झालेल्या दुरुस्तीने एचएफसी वायू, म्हणजे सीएफसीच्या जागी आलेले आर-१३४ए सारखे वायू, टप्प्याटप्प्याने कमी व्हायचे आहेत आणि त्यातून शतकाअखेर अर्ध्या अंशापर्यंतची तापमानवाढ टळू शकते. मात्र हा करार उत्पादनाला आवर घालतो. जुन्या यंत्रांत आधीच भरलेला वायू काढून नष्ट करायची सक्ती तो करत नाही. माझ्यासमोर कापली गेलेली ती नळी याच फटीतली आहे. जपानने २००१ पासून फ्रिज, एसी, टीव्ही आणि कपडे धुण्याची यंत्रं सोपवताना शुल्क घ्यायला आणि उत्पादकांकडून ती मोडून घ्यायला सुरुवात केली. तिथे वायू आधी ओढला जातो, मग पत्रा कापला जातो. त्यामुळे जपानात फ्रिज विकले जाणं थांबलं नाही.

बॅटऱ्यांचंही तसंच. आत काय आहे हे लिहिलेलं नसेल तर दहा वर्षांनी त्या उघडणार कशा? युरोपीय संघाच्या २०२३ च्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून विद्युत वाहनांच्या बॅटरीला स्वतःची डिजिटल नोंदवही असणं सक्तीचं होतं आहे. याने घाई अडत नाही. उलट दहा वर्षांनी लिथियम, कोबाल्ट पुन्हा हाताशी येतं. प्लॅस्टिकच्या जागतिक कराराची बोलणी ऑगस्ट २०२५ मध्ये जिनिव्हात निष्फळ ठरली तीही मुख्यतः दोन मुद्द्यांवर: उत्पादनाला मर्यादा, आणि घातक रसायनांवर निर्बंध. म्हणजे कळीचा मुद्दा कुठे आहे हे विरोध करणाऱ्यांनाही नीट कळलेलं आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. गरीब देशांना हे परवडत नाही, आधी पोट, मग प्रयोगशाळा. हा आक्षेप घेणारे बहुतेक वेळा मनापासून बोलत असतात, म्हणून त्याला उत्तर मोठ्या आकड्याने देता येईल तरी मी देत नाही. युनिसेफने २०२० मध्ये सांगितलं आहेच की जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात धोक्याच्या पातळीचं शिसं आहे. पण ८० कोटी डोळ्यांसमोर येत नाहीत. एक वस्ती येते.

सेनेगलची राजधानी डाकार. तिच्या कडेला थियारोय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तिथे मोटारीच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचा धंदा वर्षानुवर्षं चालायचा, आणि शिशाचे कण वाळूत मिसळून राहायचे. २००७ च्या सुमारास शिशाचा भाव चढला, तशी ती वाळूच विकत घेतली जाऊ लागली. बायका वाळू घरी आणून चाळू लागल्या. मुलं तिथेच खेळत होती, काही पाठीवर बांधलेली. त्या बायकांसाठी हेच पोट होतं, आणि जे हाती लागलं त्यावर त्या चार पैसे मिळवत होत्या. त्या वाळूत काय आहे आणि ते मुलांना काय करतं, हे त्यांना सांगायला कुणी आलं नव्हतं. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या पाच महिन्यांत तिथली अठरा लहान मुलं मेंदूच्या कसल्याशा झपाट्याने वाढणाऱ्या आजाराने गेली. कारण कळत नव्हतं. शेवटी मेलेल्या मुलांच्या भावंडांचं आणि आयांचं रक्त तपासलं, तेव्हा कळलं.